एकतिसावं कडवं

आमच्या बेटावर झाड उगवत नाही,
म्हणून सारंगी नाही, ढोल नाही.
समुद्र जे लाकूड आणून टाकतो
त्याच्या आधी होड्या होतात, मग शवपेट्या,
आणि उरलं तर शाळेच्या खोलीची जमीन.
तेच आमचं वाद्य. वर शंभर बूट,
दोन पावलं डावीकडे, एक माघारी.

साकारिस होड्यांना डांबर फासायचा.
नखांत कायम काळं, थोडं जिभेवरही.
कुणी मेंढीच्या कानाची खूण बदलली,
कुणी पाद्र्यासमोर डुलकी काढली,
की हा आठवडाभर गप्प.
त्याला गप्प पाहून
माणसं आपापले गुन्हे आठवत बसायची.

त्या हिवाळ्यात पाळी माझ्या आजोबांची.
हानुस धुक्यात निघाला शेजारच्या बेटाकडे,
रात्रभर वल्हवलं, पहाटे किनारा लागला,
पहिल्याच दारावर टकटक केली
आणि टोपी काढून अदबीनं विचारलं,
"बाई, हे गाव कोणतं?"
दार उघडणारी बाई माझी आजी होती.

बावन्न कडवी.
नाताळानंतरच्या बाराव्या रात्री
दोघांनी हानुसचे दंड धरून त्याला रिंगणात ओढलं.
रीतच तशी: ज्याच्यावर गाणं
त्यानं शेवटपर्यंत नाचायचं,
आपलीच फजिती आपल्याच पायांनी,
दोन पावलं डावीकडे, एक माघारी.
त्यानंतर अकरा वर्षं तो साकारिसशी बोलला नाही.
होडीला डांबर स्वतःच फासलं, वाईट फासलं,
होडी गळू लागली.
त्यावरही चार कडवी झाली.

मग साकारिस गेला.
त्यानं कधी काही लिहून ठेवलं नाही;
कागदावर ठेवलेलं गाणं तिसऱ्या दिवशी
मासळीसारखं वास मारतं, म्हणायचा.

शहरातून एक मुलगा आला, बोटीत ओकलेला,
छातीशी टेपरेकॉर्डर.
दारोदार हिंडला. कुणाला नऊ येत होती, कुणाला चौदा,
म्हाताऱ्या बिल्लाला फक्त टोपीचं.
तिनंच शेवटी आवाज खाली आणून
मेंढ्यांच्या गोठ्याकडे बोट दाखवलं.

ज्याची फजिती, त्यालाच सगळं पाठ.
टेपवर आजोबा खाकरतात,
"हे खोटं आहे, वल्हं मोडलं नव्हतं," म्हणतात,
आणि मोडलेल्या वल्ह्याचं कडवं
शब्दन् शब्द गातात.
तीस कडवी, जवळजवळ एका दमात.
मग थांबतात.
शेगडीत काहीतरी तडकतं. लांबवर कुत्रा.
आणि थेट बत्तिसावं.

दार उघडल्यावर आजी काय म्हणाली,
ते एकतिसाव्यात होतं.

शाळेतल्या सुन्नेवाबाईंनी कादंबरी लिहिली,
आमच्याच बोलीत, तीनशे प्रती,
मुखपृष्ठावर भाच्यानं काढलेलं गलबत
जे बुटासारखं दिसतं.
त्या दारावर तिच्यात अख्खं प्रकरण आहे.
त्यातली बाई हसत नाही. म्हणते,
"गावाचं नाव विसरले, पण रस्सा गरम आहे."
सुन्नेवाबाई शपथेवर सांगत, हे मी रचलंय.
बायका मान हलवत:
तुम्हाला काय ठाऊक, अगदी असंच झालं होतं.

आजीला मी एकदाच विचारलं.
ती लोकर पिंजत होती.
"साकारिस दाराशी नव्हता," म्हणाली,
"आणि सुन्नेवा जन्मली नव्हती."
पुन्हा लोकर.

आता बाराव्या रात्री हे गाणं निघालं
की धरून आणायला हानुस नाही,
म्हणून मला ओढतात,
नाक तेच आहे एवढ्या पुराव्यावर.
तिसावं संपतं.
पाय थांबत नाहीत, तोंडं मिटतात.
एक कडवंभर नुसते बूट,
ओठ घट्ट धरलेली साठ माणसं,
कुणाच्या तरी गळ्यात अडकलेला खोकला,
आणि खाली वाजत राहतात फळ्या,
समुद्रानं आणून टाकलेल्या,
देव जाणे कोणत्या गावच्या.